बेचाळीस मिलिमीटरचे आटे

कॅमेऱ्याच्या तोंडाशी ४२ मिलिमीटर व्यासाचं एक गोल भोक असतं. त्याला आतून बारीक आटे पाडलेले असतात. लेन्सचा एक पूर्ण फेरा झाला की ती एक मिलिमीटर आत सरकते. बाकी काही नाही. खटका नाही, स्प्रिंग नाही, विजेचे चकचकीत बिंदू नाहीत. बरणीचं झाकण लावावं तशी लेन्स फिरवत न्यायची, आणि ती जिथे घट्ट बसते तिथे तिची खूण माथ्यावर आलेली असते. या जोडणीला ‘एम४२’ म्हणतात. गेली कित्येक वर्षं माझा जीव या आट्यांवर जडला आहे, आणि तो का, हे एकदा नीट लिहून काढायचं मनात होतं.

माझा कॅमेरा आहे असाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक. १९६४ साली हे मॉडेल बाजारात आलं. मी तो मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारच्या गल्लीत घेतला. दुकानदाराने शटरचा वेग एक सेकंदावर ठेवून बटण दाबलं, आणि आतल्या दातेरी चाकांचा तो बारीक घरघराट संपेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. आवाज सलग होता, मधे कुठे अडखळला नाही. शटरचे कापडी पडदे उजेडासमोर धरून पाहिले, कुठे भोक नव्हतं. पैसे मोजले आणि बाहेर पडले. या कॅमेऱ्यात बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सुईसाठी लागते. शटर पूर्णपणे यांत्रिक. बॅटरी नसली तरी एक सेकंदापासून एक हजारांश सेकंदापर्यंतचा प्रत्येक वेग चालतो.

आमच्या लहानपणी घरात फोटो म्हणजे अग्फाचा क्लिक थ्री. बडोद्याला तयार होणारा, चौकोनी फोटो काढणारा काळा डबा. लेन्स बदलता येते ही कल्पनाच तेव्हा आमच्या जगात नव्हती. त्यामुळे असेल, पण एक लेन्स फिरवून काढायची आणि तिच्या जागी दुसऱ्या देशात, दुसऱ्या दशकात घडलेली लेन्स फिरवून बसवायची, याचा आनंद मला अजूनही नवा वाटतो.

हे आटे मूळचे ड्रेस्डेनचे. फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बफेकीत हे शहर जळून गेलं. जर्मनीच्या कॅमेरा उद्योगाचं ते एक मोठं केंद्र होतं. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९४९ मध्ये, त्याच शहरातून ‘काँटॅक्स एस’ बाहेर आला. तोवरच्या बहुतेक रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत, म्हणजे समोरचं चित्र आतल्या आरशावरून दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत, मान खाली घालून पाहावं लागे आणि चित्र डावं-उजवं उलटं दिसे. काँटॅक्स एसच्या माथ्यावर पाच बाजूंचा लोलक होता. कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचं जग जसंच्या तसं सुलट दिसायचं. पुढे जवळजवळ प्रत्येक एसएलआर कॅमेऱ्याच्या (एकाच लेन्समधून पाहायचं आणि फोटोही काढायचा, असा रिफ्लेक्स कॅमेरा) माथ्यावर जो उंचवटा आला, तो हाच. आणि या कॅमेऱ्याच्या तोंडाशी होते ४२ मिलिमीटरचे आटे. ड्रेस्डेनमधल्याच दुसऱ्या कारखान्याने आपल्या प्राक्टिका कॅमेऱ्याला हेच आटे पाडले.

प्राक्टिकाच्या कारखान्याची गोष्ट मला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हा कारखाना पाउल गुथं आणि बेन्नो थॉर्श या दोघांनी उभा केला होता. हिटलरच्या राज्यात ज्यू माणसाला धंदा करणं अशक्य झालं आणि गुथं देश सोडून गेले. १९३८ मध्ये थॉर्शने कारखाना चार्ल्स नोबल या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकन माणसाला दिला आणि बदल्यात त्याचा डेट्रॉइटमधला फोटो धुण्याचा धंदा घेतला. नोबल कुटुंब ड्रेस्डेनला आलं, युद्धात तिथेच अडकलं आणि युद्ध संपल्यावर सोव्हिएत फौजांनी बापलेकांना पकडलं. मुलगा जॉन उत्तर रशियातल्या व्होर्कुटाच्या छावणीपर्यंत नेला गेला आणि १९५५ मध्ये सुटला. कारखाना सरकारजमा झाला, प्राक्टिका निघत राहिले. माझ्याकडे एक प्राक्टिका एमटीएल ५ आहे, नोबलांच्या काळानंतर खूप वर्षांनी बनलेला. त्याच्या पुढच्या तबकडीवर लेन्स फिरवताना त्या लोकांची आठवण माझ्या मनात हमखास येते.

आटे मात्र ड्रेस्डेनमध्ये थांबले नाहीत. टोकियोच्या असाही कंपनीने १९५२ मध्ये जपानचा पहिला ३५ मिलिमीटर एसएलआर काढला तेव्हा त्याला ३७ मिलिमीटरचे आटे होते. १९५७ मध्ये त्यांनी पहिला पेंटॅक्स काढला आणि ४२ मिलिमीटर स्वीकारले. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. आपला स्वतंत्र आकार ठेवून गिऱ्हाईक बांधून घेता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. पश्चिम जर्मनीत वीसबाडेनचा एडिक्सा त्याच आट्यांचा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा झेनिट आधी ३९ मिलिमीटरचा होता, साठच्या दशकात तोही ४२ वर आला. जपानात याशिका, रिको, चिनॉन, फुजिका, मामिया, सगळे या पंगतीला बसले. १९६१ मध्ये बर्लिनच्या मधोमध भिंत उभी राहिली, आणि त्याच वर्षी पूर्व जर्मनीतल्या येना शहरातली झाइसची लेन्स पश्चिमेकडच्या एडिक्सावर निमूट बसत होती. अमेरिकेतला माणूस जपानी कॅमेऱ्यावर रशियन लेन्स लावू शकत होता. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेल्या देशांनी एवढ्या एका गोष्टीवर, एक मिलिमीटरच्या आट्यावर, एकवाक्यता पाळली. हे कुणी तह करून ठरवलं नव्हतं. सोयीचं होतं, म्हणून झालं.

मग हे संपलं का? आट्यात एक अडचण आहेच. लेन्स लावायला वेळ लागतो. लग्नाच्या मांडवात किंवा मोर्चात तेवढा वेळ नसतो. पण खरी अडचण दुसरी. कॅमेऱ्याने लेन्स पूर्ण उघडी असतानाच उजेड मोजायचा, तर लेन्सवर कोणता ॲपर्चर आकडा (उजेड आत येण्याचं भोक किती उघडं ते सांगणारा ‘एफ’ आकडा) ठेवला आहे ते कॅमेऱ्याला कळायला हवं, आणि त्यासाठी लेन्स दर वेळी केसभरही न चुकता त्याच जागी थांबायला हवी. आट्याला ती हमी देता येत नाही. सत्तरच्या दशकात मग प्रत्येक कंपनीने आपापल्या लेन्सच्या पाठीवर आपापले खटके आणि दांड्या बसवायला सुरुवात केली. आटे तेच, पण एकाची खूण दुसऱ्याला कळेना. १९७५ मध्ये पेंटॅक्सने ‘के’ बायोनेट, म्हणजे जरासं फिरवताच खटक्याने बसणारी जोडणी, आणला आणि आट्यांना निरोप दिला. तरी जाताना त्यांनी एक चांगुलपणा केला: लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर जुनं, ४५.४६ मिलिमीटरच ठेवलं, म्हणजे आधीच्या लेन्स एक साधी कडी घालून नव्या कॅमेऱ्यावर चालाव्यात. जुन्या गिऱ्हाइकाची अशी कदर करणारे कारखानदार मला मनापासून आवडतात.

आता लेन्सकडे येते, कारण खरं प्रेम तिथे आहे.

पेंटॅक्सच्या लेन्सना टाकुमार म्हणतात. कंपनीच्या संस्थापकांचे भाऊ टाकुमा काजिवारा अमेरिकेत जाऊन फोटोग्राफर आणि चित्रकार झाले होते, त्यांच्यावरून हे नाव. माझी सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ ही सात भिंगांची. तिची फोकसची कडी फिरवून पाहिल्याशिवाय तिच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. ती कुठे सैल नाही, कुठे जड नाही, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच प्रतिकार. पन्नास वर्षांहून जुनी पितळ-ॲल्युमिनियमची वस्तू आजही अशी फिरते याचा अर्थ आत बसून ती जोडणाऱ्या कुणीतरी आपलं काम अत्यंत मन लावून केलं होतं.

या लेन्समध्ये थोरियम आहे. काच कमी जाड ठेवून प्रकाश जास्त वळवायचा आणि रंग मात्र फुटू द्यायचे नाहीत, यासाठी त्या काळी काचेत थोरियमचं ऑक्साइड मिसळत. थोरियम किरणोत्सारी असतं. लेन्स कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात भीतीचं काही नाही. फक्त ती फोडू-घासू नये आणि उगाच उशाशी घेऊन झोपू नये. पण त्या किरणांनी काचच हळूहळू पिवळी पडते. माझ्याकडे आली तेव्हा ती चहासारखी दिसत होती. उपाय एकच, ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळेपणा उतरतो.

एप्रिलमध्ये चिपळूणला माहेरी गेले होते. अंगणात खाटेवर आईचं वाळवण पसरलेलं होतं, पोह्याचे पापड, कुरडया, आमसुलं. त्याच खाटेच्या कोपऱ्यात मी लेन्स ठेवली. पाठीला ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद घट्ट लावला, म्हणजे ऊन आत जाऊन परत उलटेल आणि पलीकडे काही जळणारही नाही. उघडं भिंग उन्हात ठेवणं आगीला आमंत्रण असतं, तेव्हा हा कागद विसरून चालत नाही. आईने विचारलं, “हे काय वाळत घातलंयस?” मी सांगितलं, “काच पिवळी पडलीय, उन्हाने पांढरी होते.” ती म्हणाली, “मग दुपारी उचल, वंगण पातळ होईल त्यातलं.” आयुष्यात तिने लेन्स हातात धरलेली नाही, पण शिवणयंत्राला तेल घालण्यात तिची चाळीस वर्षं गेली आहेत. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मी रोज सकाळचं ऊन तेवढं देत गेले. सुट्टी संपेतो काच जवळजवळ स्वच्छ झाली. त्या लेन्सने काढलेल्या रंगीत फोटोंत अजूनही कातडीचा रंग किंचित उबदार येतो. तो मला हवासाच वाटतो.

हेलिओस ४४-२ची गोष्ट निराळी. झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार ५८ मिलिमीटर एफ/२ लेन्सची रचना युद्धानंतर रशियाने घेतली आणि क्रास्नोगोर्स्कला, पुढे वाल्दाय आणि मिन्स्कमध्येही, या लेन्स लाखोंनी बनवल्या. झेनिटबरोबर ती येई. आज ती लोकांना माहीत आहे ती मागच्या पानांच्या भोवऱ्यामुळे. कडेकडून येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या दोन्ही कडांनी छाटला जातो, म्हणून चित्राच्या कडेला उजेडाचे ठिपके गोल न राहता बदामासारखे होतात; शिवाय या रचनेत फोकसची पातळी सपाट नसते, वाकलेली असते. दोन्ही मिळून मागची झाडी मधल्या माणसाभोवती गरगर फिरल्यासारखी दिसते.

पर्वतीच्या पायथ्याशी एका वडाखाली मी पहिल्यांदा हा भोवरा नीट पाहिला. समोर मैत्रीण उभी, तिच्या मागे बरंच अंतर सोडून पानांतून गाळून येणारं ऊन. ॲपर्चर एफ/२. व्ह्यूफाइंडरमध्ये पानं तिच्याभोवती रिंगण धरून होती. पण खरं सांगते, या भोवऱ्याचं आता फार होतं. लोक प्रत्येक चेहरा, प्रत्येक फूल त्यात बुडवतात. एफ/५.६ला हीच लेन्स मधोमध इतकी धारदार आणि शांत असते की जुन्या वाड्यांचे दरवाजे टिपायला मी तिलाच घेते. तिचा तो गुण फारसं कुणी सांगत नाही.

हेलिओसचं मला सर्वांत आवडतं ते तिचं ॲपर्चर. दोन कड्या आहेत. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरीने पाती उघडायची आणि मिटायची. कॅमेऱ्याकडून काहीही अपेक्षा नाही. पाती मिटत जातात तसं व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अंधारत जातं, आणि त्याच वेळी धूसर असलेल्या मागच्या गोष्टी एकेक करून आकार घेऊ लागतात. स्पॉटमॅटिकचा मीटरही असाच चालतो: बाजूची पट्टी वर सरकवली की लेन्स मिटते आणि सुई हलते. पुढे आलेल्या कॅमेऱ्यांनी हा अंधार दूर केला, सोय केली. पण फोटोत मागची खिडकी दिसणार की नाही, हे बटण दाबण्याआधी डोळ्याने पाहणं मला शिकवलं ते या अंधारलेल्या चित्रानेच.

येनाच्या टेसार लेन्सबद्दल थोडक्यात सांगते. रचना १९०२ची, चार भिंगं, स्वच्छ आणि विश्वासू, पण एफ/२.८मध्ये मला गंमत येत नाही. येनाचीच फ्लेक्टोगोन ३५ मिलिमीटर एफ/२.४ मात्र एकदा तरी माझ्या कॅमेऱ्यावर कायमची यावी अशी फार इच्छा आहे. एका मित्राची चार दिवस वापरली होती. वीतभर अंतरावरचं जास्वंदाचं फूल आणि मागचं सगळं परसू एकाच फोटोत घेणारी ती लेन्स आहे.

आता पावसाळ्याविषयी, कारण महाराष्ट्रात या लेन्सवर प्रेम करायचं तर पावसाळ्याशी रोजचा व्यवहार आहे. ड्रेस्डेनच्या किंवा टोकियोच्या कारखान्यात या वस्तू घडवणाऱ्यांनी जून ते सप्टेंबरचं कोकण डोळ्यांसमोर ठेवलं नव्हतं. हवेतला ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की काचेवरच्या धुळीवर, बोटांच्या चिकट ठशांवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू आतल्या भिंगाच्या कडेपासून मधे सरकतात. वरवर असेल तर पुसून निघते. पण बुरशी आम्ल सोडते; ते लेन्सवरचा लेप खातं आणि शेवटी काच कोरतं. मग ती लेन्स उजेडाकडे धरली की चित्रावर धुक्याचा पदर येतो, तो कायमचा.

सगळ्यात घातक असतात त्या जुन्या चामड्याच्या पेट्या. दिसायला देखण्या, लोक त्यातच कॅमेरा ठेवून कपाट बंद करतात. चामडं ओलावा धरून ठेवतं आणि बुरशीला घर देतं. माझ्या चामडी पेट्या वेगळ्या फडताळात असतात. लेन्स हवाबंद डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्यायचे. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक असतो, तो चाळीस ते पन्नासच्या मधे राहिला पाहिजे. आणि पाऊस उघडला की लेन्स वापरायच्याच. उजेड आणि वारा मिळालेल्या लेन्सला बुरशी सहसा शिवत नाही.

पुण्यात मी ज्यांच्याकडे दुरुस्तीला जाते त्या काकांचं टेबल खिडकीशी आहे. लेन्सचं पुढचं कडं उलगडण्याआधी ते ती बराच वेळ खिडकीकडे धरून, तिरकी करून, आतून बाहेरून पाहतात. एकदा मी नेलेली टाकुमार पाहून म्हणाले, “ताई, ही आधी कुणीतरी उघडलीय. पण चांगल्या हाताने उघडलीय, आट्यावर एक ओरखडा नाही.” कोण असेल तो माणूस? कदाचित ओसाकाचा, कदाचित गिरगावातला. काका भिंगांचा क्रम कागदावर पेन्सिलीने काढून ठेवतात, कोणती बाजू वर ते बाणाने दाखवतात, मगच पुढे जातात. घट्ट झालेलं जुनं वंगण पुसून नवं लावतात, इतकं थोडं की दिसू नये. हे काम शिकवणारी शाळा नाही. त्यांच्याकडे एक मुलगा शिकायला येतो, तो टिकावा अशी माझी फार इच्छा आहे.

फिल्म महाग झाली आहे, हे खरं. छत्तीस फोटोंचा रोल, धुणं, स्कॅन करणं, सगळं मिळून हिशोब करावाच लागतो. म्हणून मी कृष्णधवल फिल्म घरीच धुते. आपल्याकडचं ऊन मात्र फिल्मसाठी इतकं ठरलेलं असतं की मीटर बंद पडला तरी अडत नाही. वैशाखातल्या दुपारी, १०० आयएसओची फिल्म असेल तर एफ/१६ आणि एकशेपंचविसांश सेकंद. सावलीत ॲपर्चर तीनचार घरं जास्त उघडायचं. श्रावणात ढग येतात-जातात तेव्हा खरी परीक्षा, ऊन आणि सर एकाच फोटोत असतात.

या लेन्स आताच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर उत्तम चालतात आणि त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. सोनीच्या कॅमेऱ्यात बैठकीपासून सेन्सरचं अंतर १८ मिलिमीटर, ४५.४६ मधून १८ वजा केले की राहतात २७.४६. तेवढ्या लांबीची पोकळ नळी मधे बसवली की लेन्सला वाटतं, समोर स्पॉटमॅटिकच आहे. आत काच नाही, वायर नाही. उलट जुन्या निकॉन एसएलआरवर हे जमत नाही, कारण तिथे अंतर मुळातच ४६.५ मिलिमीटर आहे. दूरचा डोंगर फोकसमध्ये येतच नाही. मी रंगीत कामाला बहुतेक डिजिटल वापरते, कृष्णधवल कामाला फिल्म. दोन्हीकडे लेन्स त्याच.

माझी भाची यंदा बारावीला आहे. दिवाळीत ती आठवडाभर माझी हेलिओस घेऊन फिरली. परत देताना म्हणाली, “मावशी, ही मला ठेवू दे ना.” मी ठेवू दिली. मग तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून चोर बाजारातून एक फुजिका एसटी ६०५ शोधून आणला, मला काही न विचारता, फक्त भोक ४२चं आहे आणि शटर चालतं एवढं पाहून. रशियन लेन्स जपानी कॅमेऱ्यावर फिरवत फिरवत बसली. आता तिला १३५ मिलिमीटर हवी आहे, कॉलेजच्या नाट्यस्पर्धेचे फोटो काढायला. मी सुपर-टाकुमार एफ/३.५ घे म्हणते, हलकी आहे, अंधाऱ्या नाट्यगृहात चाचपडत फोकस करतानाही हात ठरतो. तिचं मन रशियन ज्युपिटर ३७एवर आहे, कारण तिच्यात बारा पाती आहेत आणि मागचे दिवे गोल येतात. येत्या रविवारी आम्ही दोघी बोरा बझारला जाणार होतो, पण रविवारी तिथली दुकानं बंद असतात. म्हणून शनिवारी सकाळची गाडी पकडतोय. दोन्ही लेन्स खिडकीकडे धरून पाहू आणि जिच्यात बुरशी नसेल ती घेऊ.